आधीचा फोटो, नंतरचा फोटो: क्रीमच्या गुणाचा पुरावा कुठून आला?

बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणी-खानापूरच्या पेठेपर्यंत, पार्लर चालवणाऱ्या कुणाच्याही व्हॉट्सॲप स्टेटसवर आज चेहऱ्यांची एक जोडी हमखास सापडते. डावीकडे काळवंडलेला गाल, उजवीकडे उजळलेला, खाली क्रीमचे नाव. गिऱ्हाईकही आता गुण येतो का असे विचारत बसत नाही, "फोटो हाय काय?" असे विचारते. क्रीम कंपन्यांच्या चाचण्यांत आणि त्वचारोगाच्या संशोधनातही पुरावा म्हणून अशीच जोडी ठेवली जाते. साधन एकच, पण ते हाताळायची शिस्त दोन ठिकाणी फार वेगळी आहे, आणि ती का वेगळी झाली हे कळायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे मात्र नको. लंडन-पॅरिसच्या रुग्णालयांत रोगट त्वचेचे मेणाचे रंगवलेले ठसे ठेवत. १८६० च्या दशकात तिथेच त्वचारोगांचे फोटोसंग्रह निघाले. फोटो अर्थातच काळे-पांढरे, रंग नंतर हाताने भरलेले. त्या काळी फोटो ज्या रसायन लावलेल्या काचांवर उतरायचा त्यांना निळा प्रकाश दिसे आणि लाल जवळपास दिसतच नसे. म्हणून लालसर चट्टा काळा उतरायचा, आणि वांग असेल त्याहून गडद दिसायचा. क्रीम लावण्याआधीच कॅमेऱ्याने चेहरा बदललेला असायचा, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडच्या माणसाला फोटोतली त्वचा कळली ती दवाखान्यातून नव्हे, स्टुडिओतून. फिल्मच्या जमान्यात मुलीचा स्थळासाठीचा फोटो काढला की 'टचिंग' ठरलेले. निगेटिव्हवर काळा डाग पारदर्शक दिसतो. तिथे टोकदार पेन्सिलीने हलकेच शिसे चढवले की कागदावर डाग उजळून नाहीसा होतो. याला कुणी फसवणूक म्हटले नाही. मुलाकडचेही टचिंग केलेलाच फोटो पाठवायचे. आजच्या फोनमधले 'ब्यूटी' बटण ही त्याच पेन्सिलीची नात आहे, फरक इतकाच की पेन्सिल फोटोग्राफर चालवायचा आणि बटण बहुधा आधीपासूनच चालू असते.

रंगीत फिल्म आली तेव्हा तिची जुळणी गोऱ्या बाईच्या फोटोवर केलेली होती. सावळ्या चेहऱ्यातले बारकावे त्यात बुडायचे. १९७६ मध्ये २४ रंगीत चौकोनांचा एक पुठ्ठा बाजारात आला. त्यातले पहिले दोन चौकोन त्वचेचे आहेत, एक गडद आणि एक उजळ. तो पुठ्ठा चेहऱ्याशेजारी धरून फोटो काढला की दोन वेगळ्या दिवसांचे रंग एका मापावर आणता येतात. साध्याशा या पुठ्ठ्याने जे काम केले ते पुढच्या कित्येक महागड्या यंत्रांनी केलेले नाही, असे माझे मत.

क्रीमच्या परिणामासाठी फोटो गांभीर्याने वापरात आला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी. उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन या अ-जीवनसत्त्वाच्या वर्गातल्या औषधाचा एक अमेरिकी अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० माणसे, १६ आठवडे, आणि तुलनेसाठी औषध नसलेले नुसते क्रीम. कुठले क्रीम कुठले, हे लावणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. सुरकुती 'कमी झाली' म्हणजे नेमकी किती, हा प्रश्न त्यानंतर जोरात पुढे आला. १९९२ मध्ये त्याला एक उत्तर मिळाले: शून्य ते आठ अशी नऊ पायऱ्यांची श्रेणी, आणि त्यातल्या पाच पायऱ्यांसाठी नमुन्याचे फोटो. तपासणाऱ्याने 'सौम्य', 'मध्यम' असे शब्द तोलण्याऐवजी समोरचा चेहरा नमुन्याशी ताडून पाहायचा. वांगासाठी १९९४ मध्ये वेगळी गुणपद्धत आली. तिच्यात कपाळ, दोन गाल आणि हनुवटी यांचे डाग वेगवेगळे मोजून जास्तीत जास्त ४८ गुण होतात.

याच सुमारास, १९९१ मध्ये, ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाचा उपयोग मांडला गेला. त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचा थोडासाच भाग वरच्या वर परततो. बाकीचा आत शिरतो, विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. दिव्यापुढे आणि लेन्सपुढे ध्रुवक, म्हणजे असाच प्रकाश जाऊ देणारी काच, लावून ते एकमेकांना आडवे ठेवले की वरची चकाकी नाहीशी होते, आणि लाली, डाग, शिरा ठळक दिसतात. समांतर ठेवले तर उलटे: रंग मागे पडतो आणि सुरकुत्या, छिद्रे, चकाकी पुढे येते. एकाच क्रीमचे, एकाच चेहऱ्याचे, एकाच दिवशीचे दोन फोटो असे काढता येतात की एकात गुण दिसेल आणि दुसऱ्यात नाही. डाग घालवणाऱ्या क्रीमचा 'आधी' आडव्या ध्रुवकाने आणि 'नंतर' समांतर ध्रुवकाने काढला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. अतिनील प्रकाशातले फोटोही याच पठडीतले. गोऱ्या कातडीत लपलेले डाग त्यात ठळक उठतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत मुळातच रंगद्रव्य जास्त असल्याने तो फरक पुसट होतो. तरी पार्लरमध्ये तसले यंत्र दाखवून माणसाला घाबरवतात ते वेगळेच.

आता जाहिरातींच्या नियमांकडे येऊ, कारण ग्राहकापर्यंत फोटो पोचतो तो जाहिरातीतूनच. २०१४ मध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंनियामक संस्थेने गोरेपणाच्या उत्पादनांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सावळी व्यक्ती दुःखी किंवा अनाकर्षक दाखवायची नाही. वापरापूर्वीच्या चित्रात मॉडेलचा चेहरा पडलेला नको. रंगाचा संबंध जातीशी, समाजाशी, धंद्याशी, पैशाशी जोडायचा नाही. स्त्री-पुरुष भेदाला खतपाणी घालायचे नाही. हे सगळे योग्यच होते, आणि उशिराच आले. पण त्यांत चेहऱ्यावर भाव कोणता असावा हे आहे. उजेड किती, कुठून, दोन्ही फोटोंना एकच लेन्स होती का, मधल्या काळात किती आठवडे गेले, यांबद्दल अवाक्षर नाही. उदास 'आधी' आणि हसरा 'नंतर' हा निव्वळ भावनेचा खेळ नव्हता. हसल्यावर गाल वर सरकतात, घड्या जागा बदलतात आणि गालाच्या उंचवट्यावर उजेड पडतो. भावावर बोट ठेवले, पण त्यामागच्या मोजमापाला हात लावला नाही.

मग २०१९ मध्ये देशातल्या सर्वांत प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमच्या खोक्यावरून दोन चेहऱ्यांचे चित्र आणि छटांची पट्टी काढली गेली, आणि २०२० च्या जुलैत नावातून गोरेपणाचा शब्दही गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने १९५४ च्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात गोरेपणाचे दावे घालण्याचा मसुदा काढला होता; पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड सुचवला होता. नाव बदलल्याचे बहुतेकांनी स्वागत केले. काहींनी मात्र नाव बदलले, माल तोच, अशी टीका केली. दोन्ही बाजू रंगभेदाबद्दलच बोलत राहिल्या, आणि पट्टी गेल्याने दुसरे एक काहीतरी गेले याकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

ती छापील पट्टी वाईटच होती. तिच्यामुळे सावळ्या मुलींना घराघरात जे ऐकून घ्यावे लागले ते सांगायला सीमाभागातले एक गावही कमी पडायचे नाही. पण दावा म्हणून पाहिले तर ती खोटी ठरवता येण्याजोगी होती. अमुक आठवड्यांत इतक्या छटा, असे म्हटल्यावर रंग मोजता येतो. त्वचेची छटा मोजायची उपकरणे आणि आकडे १९९० च्या दशकापासून आहेत. नंतर आलेले दावे तेज, एकसारखेपणा, नितळपणा यांचे आहेत. तेज म्हणजे फोटोत परत येणारी चकाकी, आणि ती क्रीमइतकीच दिव्याच्या कोनावर अवलंबून असते. चेहऱ्यावर नुसते खोबरेल चोळून बाजूने दिवा मारला तरी ती मिळते. क्रीममध्ये अभ्रकाचे कण असतील तर पहिल्या मिनिटालाच मिळते. ओलावा देणारे कुठलेही क्रीम लावल्यावर वरचा कोरडा थर पाणी धरतो आणि बारीक रेषा काही काळ बुजतात. म्हणून नीट केलेल्या चाचणीत तोंड धुऊन, दागिने-टिकली काढून, केस मागे बांधून, ठरलेल्या तापमानाच्या खोलीत माणसाला अर्धा तास बसवतात आणि मगच फोटो काढतात. जाहिरातीत हा अर्धा तास कुठे दिसतो?

स्टेरॉइडच्या क्रीमची गोष्ट याहून कडू आहे. अमेरिकेत २००२ साली वांगासाठी तीन औषधांचे एक मिश्रण मंजूर झाले: डाग फिके करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक सौम्यसर स्टेरॉइड. चाचणी ८ आठवड्यांची होती आणि वापरही थोड्या काळापुरताच सांगितलेला होता. आपल्याकडे तशाच मिश्रणात मोमेटासोन हे जास्त तीव्र स्टेरॉइड घालून ट्यूब निघाल्या आणि चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. चौथ्या आठवड्यातला फोटो खराच असायचा: डाग फिके, चेहरा गोरा. सहा महिन्यांनी लालबुंद गाल, पुटकुळ्या, पातळ झालेली कातडी आणि बाईच्या गालावर लव. तो फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राने अधिसूचना काढून स्टेरॉइडची क्रीम चिठ्ठीच्या यादीत आणली. कागदावर काम झाले. गल्लीतल्या काउंटरवर "ती पिवळी ट्यूब द्या की" म्हणणारे आणि देणारे दोघेही राहिलेच.

सीमाभागात फोटोला आणखी एक चकवा आहे, तो म्हणजे ऋतू. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, दक्षिणेला-पश्चिमेला खानापूरचे रान आणि घाट. एप्रिल-मेच्या लग्नसराईत आणि शेतात रापलेला चेहरा मिरगानंतर आपोआप उजळू लागतो. ऑगस्टपर्यंत ऊन असे दिसतच नाही. मे महिन्यात 'आधी' काढून ऑगस्टमध्ये 'नंतर' काढला तर हळदपावडरसुद्धा पास होईल. याउलट दिवाळीत सुरू केलेले चांगले सनस्क्रीन मार्चमध्ये नापास दिसू शकते. यावर संशोधनातला उपाय जुनाच आहे: चेहऱ्याच्या एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला नुसते क्रीम, आणि फोटो उलटसुलट क्रमाने ठेवून, तारखा झाकून, तिसऱ्या माणसाकडून गुण द्यायचे. दोन्ही गालांवर ऊन-पाऊस सारखाच, त्यामुळे ऋतूचा हिशेब फिटतो. गिऱ्हाइकाला अर्धेच तोंड उजळून देणारे पार्लर चालायचे नाही, ही अडचण आहेच.

फोनने गोंधळ वाढवला. पुढचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. जवळून काढल्यावर नाक फुगते आणि गाल मागे जातात. दवाखान्यातल्या फोटोला म्हणूनच ९० ते १०५ मिलिमीटरची लेन्स आणि ठरलेले अंतर लागते. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके आणि दोन्ही कडांचे फोटो घेतात. फोन स्वतःच रंग 'दुरुस्त' करतो: ट्यूबलाइटखाली वेगळा, खिडकीपाशी वेगळा. रिंग लाइट समोरून येत असल्याने सावलीच पडत नाही, आणि मुरमांचे खड्डे दिसेनासे होतात. तेच खड्डे बाजूच्या उजेडात दिसतात. 'आधी' खिडकीपाशी आणि 'नंतर' रिंग लाइटसमोर काढायला कुणाला वाईट हेतू लागत नाही. मधल्या काळात पार्लरने रिंग लाइट घेतला एवढे पुरते.

चाचणीत फोटो द्यायचा असेल तर संमती समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते, आणि कुठला कागद कुठल्या भाषेत हा प्रश्न आमच्याकडे चाचणीबाहेरही पुरेसा तापलेला असतो. नेहमीच्या उपचारात अडचण वेगळी आहे. चंदगडकडची माणसे बेळगावच्या डॉक्टरकडे येतात, निपाणी-संकेश्वरची पुष्कळदा कोल्हापूरला जातात, आणि मधेच डॉक्टर बदलले की फोटोंची मालिका तुटते. उरतात ते पेशंटच्या फोनमधले फोटो. ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की आकाराने लहान होतात, बारकावे जातात आणि फाइलमध्ये नोंदलेली काढल्याची तारीखही गळते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ फाइल तारखेसकट पोचते.