वजन मुठीत असते: हलक्या घडीच्या चाकूची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात घरातला एक जुना घडीचा चाकू मी स्क्रू काढून पूर्ण सुटा केला आणि त्याचा एकेक भाग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला. आख्खा चाकू ११८ ग्रॅम भरला होता. नुसते पाते भरले २९ ग्रॅम. दोरी कापणारा, काकडी चिरणारा भाग जेमतेम पाव हिस्सा, आणि उरलेले पाऊण वजन त्या पात्याला घडी घालून सांभाळण्यात खर्ची पडलेले. मुठीच्या आतल्या दोन पोलादी पट्ट्या, पाठीची कमान (म्हणजे पात्याला दाबून धरणारी स्प्रिंग), मुठीच्या टोकाचे पितळी तोंड, रिव्हेट.

बाजारात नवा हलका चाकू आला की हौशी मंडळींची चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. किती ग्रॅम? लॉक कोणते? मूठ दाबली तर लवते का? क्लिप कुठल्या बाजूला? हे प्रश्न अमेरिकेत, युरोपात, जपानात आणि आता पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींतही सारख्याच तळमळीने विचारले जातात. यातल्या प्रत्येक प्रश्नामागे बराच जुना इतिहास आहे, आणि माझ्या मते तो सगळा त्या पाऊण वजनाचा इतिहास आहे. पात्याचे फारसे काही बदलले नाही. बदलत गेली ती मूठ.

घडीचा चाकू वाटतो त्याहून खूप जुना आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला, तो इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातला. रोमन लोकांकडे तर चमचा, काटा आणि पाते एकत्र दुमडणारी अवजारे होती. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात त्यातले चांदीचे एक आजही ठेवलेले आहे. त्याचे लोखंडी पाते गंजून खाल्ले गेले, चांदी तेवढी टिकली. या जुन्या चाकूंत पाते उघडे राहायचे ते बहुतेक घर्षणाच्या किंवा हाताच्या पकडीच्या जोरावर. कमान नव्हती, त्यामुळे वजनही फार नव्हते. अडचण अशी की जोर उलट्या बाजूने आला तर पाते सरळ बोटांवर मिटणार.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादाची कमान बसवायला सुरुवात केली आणि चाकूचे सगळे रूप पालटले. कमान पात्याच्या बुडावर दाब देत राहते, म्हणून उघडताना आणि मिटताना तो ओळखीचा ‘टक’ येतो. हे पाते कुलूपबंद होत नाही, पण आपोआप पडतही नाही. मात्र कमान ताणलेली राहायची तर तिला घट्ट धरणारे काहीतरी हवे. म्हणून दोन्ही बाजूंना पितळेच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या आल्या, टोकांना जाड धातूची तोंडे आली, आणि हाड, शिंग, शिंपला या गोष्टी वरून शोभेला उरल्या. त्या काळात अशा चाकूचे मोठे काम होते पिसाची लेखणी तासणे, म्हणून इंग्रजांनी त्याला लेखणीचेच नाव दिले. आपल्याकडे बोरू तासायच्या चाकूला फारसीतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्द होता. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच कामावरून नाव ठेवावे, याचे मला फार अप्रूप वाटते. दौतीशेजारचा हा चाकू मुळातच लहान असायचा, त्यामुळे धातूच्या पट्ट्यांचे ओझे कुणाला जाणवले नसावे.

ते जाणवले शेतकऱ्यांना आणि सैनिकांना.

फ्रान्सच्या साव्हुआ भागात, आल्प्सच्या कुशीत, जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक चाकू घडवला. कमान नाही, पट्ट्या नाहीत. बीच लाकडाचा एक गोल दांडा, त्यात करवतीने पाडलेली खाच, पुढच्या टोकाला धातूचे कडे, आडवा एक रिव्हेट आणि पाते. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशा आकारांची मालिका ठरवली. त्यातला ८ क्रमांक आज जगभर ओळखला जातो. १९५५ मध्ये त्याच घराण्यातल्या मार्सेल ओपिनेल यांनी पुढच्या कड्यावर फिरणारे दुसरे कडे बसवले. पाते उघडायचे, कडे चिमटीत धरून थोडे फिरवायचे, की पाते मिटत नाही. एवढे सगळे करून साडेआठ सेंटिमीटर पात्याचा हा चाकू भरतो सुमारे ४५ ग्रॅम.

हा आकडा मी प्रत्येक नव्या चाकूच्या चर्चेत मनाशी धरून ठेवतो. टायटॅनियम नव्हते, काचेचे धागे मिसळलेले नायलॉन नव्हते, संगणकावर चालणारी यंत्रे नव्हती. जे नसले तरी चालेल ते काढून टाकले, एवढेच. याची किंमतही आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि पाते खाचेत आवळून बसते. साव्हुआतल्या लोकांनी त्यावर युक्ती काढली: मुठीचे मागचे टोक दगडावर किंवा टेबलावर ठोकायचे, की पात्याची पाठ थोडी बाहेर डोकावते आणि मग नखाने धरता येते. सह्याद्रीत जुलैमध्ये असा चाकू नेणाऱ्याला ही युक्ती यायलाच हवी.

सैनिकांची गोष्ट स्वित्झर्लंडची. तिथल्या सैन्याने १८९० मध्ये शिपायाच्या चाकूचा नमुना ठरवला: पाते, डबा फोडायचे अवजार, पेचकस आणि भोक पाडायची टोची. पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगन शहरातून आले, आणि १८९१ मध्ये इबाख गावच्या कार्ल एल्झेनर यांनी आपल्याच देशात बनवलेले चाकू सैन्याला द्यायला सुरुवात केली. चाकू दणकट होता, पण त्याचे वजन १४४ ग्रॅम. एल्झेनर यांना हे वजन खुपत होते. त्यांनी मग अधिकाऱ्यांसाठी सडपातळ चाकू केला आणि १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी केली. आज ‘स्विस चाकू’ म्हणून जो डोळ्यांसमोर येतो त्याचा हा पूर्वज. त्यात सहा अवजारे होती आणि कमानी फक्त दोन, कारण एकाच कमानीच्या दोन्ही अंगांना अवजारे बसवलेली होती. मुठीतले धातूचे थर वाचले ते इथे. गंमत म्हणजे सैन्याने हा चाकू अधिकृतपणे स्वीकारलाच नाही. अधिकारी तो पदरमोड करून विकत घेत.

शिपायाचा चाकू मात्र टप्प्याटप्प्याने उतरत गेला. १९०८ चा नमुना १२५ ग्रॅमचा, १९५१ चा ९० ग्रॅमचा, आणि १९६१ मध्ये अॅल्युमिनियमच्या खडबडीत मुठी आल्या तेव्हा ७२. सत्तर वर्षांत वजन बरोबर निम्मे झाले. त्यानंतर २००८ च्या नमुन्यात ते एकदम १३१ वर गेले, कारण आता एका हाताने उघडणारे मोठे पाते हवे होते, आणि उघडल्यावर ते लॉक व्हायला हवे होते.

लॉकचा हा आग्रह युरोपपेक्षा अमेरिकेतून आला. घडीचे लॉक आधीही होते, पण त्यांना घरोघरी नेले ते १९६४ मध्ये आलेल्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने. शिकाऱ्याला लांब सुरी कमरेला नको आणि खिशातला कमानीचा चाकू भरवशाचा वाटत नाही, यावर तो तोडगा होता. पाते उघडले की मुठीच्या पाठीतली पट्टी खाचेत पडते आणि ती दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. पितळेची जाड तोंडे, लाकडी मूठ, वजन सुमारे २०० ग्रॅम. खिशात ठेवला तर पँट ओढली जाते, म्हणून तो कातडी म्यानात घालून पट्ट्याला लावायचा. हातात घेतला की विश्वास वाटतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. ‘जड म्हणजे दणकट’ ही समजूत अजून टिकून आहे, तिच्यामागे या चाकूचा वाटा मोठा आहे.

लॉक आले तसे कायदेही आडवे आले. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मुभा ठेवली. पुढे न्यायालयाने स्पष्ट केले की लॉक होणारा चाकू या मुभेत बसत नाही. तो बाळगायला सबळ कारण लागते. म्हणून तिथल्या हौशी लोकांना आजही लॉक नसलेला, शेफील्डच्या जुन्या पद्धतीचा चाकूच खिशात सोयीचा पडतो. आपल्याकडे शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामाची हत्यारे वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागतात तेव्हा त्यात चाकूही येतो, हे गडावर जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेतच टाकावा लागतो.

त्याहून मोठी अडचण मनातली आहे. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी घडीचा चाकू पाहिला तो पडद्यावर, खलनायकाच्या हातातला रामपुरी, खटका दाबताच सणकन उघडणारा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचे कसब खरेच देखणे होते, पण त्या प्रतिमेमुळे खिशात चाकू ठेवणारा माणूस आपल्याकडे संशयाच्या नजरेने पाहिला जातो. साव्हुआतल्या शेतकऱ्याकडे कुणी तसे पाहत नाही. आपल्याच घरातल्या विळीकडे आणि अडकित्त्याकडेही नाही.

परत मुठीकडे येऊ. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ब्लॅकी कॉलिन्स यांनी गर्बर कंपनीसाठी एक चाकू आखला, ज्याची मूठ काचेच्या धाग्यांनी बळकट केलेल्या नायलॉनची होती. साच्यात ओतलेली, टणक, न गंजणारी, न फुगणारी. आतल्या धातूच्या पट्ट्या काढून टाकायचा मार्ग इथे मोकळा झाला. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या स्पायडर्को कंपनीचे साल ग्लेसर यांनी दुसरी बाजू सोडवली. पात्यात गोल भोक पाडले, अंगठ्याने ढकलून एका हाताने उघडण्यासाठी, आणि मुठीला क्लिप लावली, खिशाच्या कडेला अडकवण्यासाठी. मूठ अजून पोलादाची होती. पण क्लिप आली आणि म्यान गेले, कमरेवरचा चाकू खिशात आला. पट्ट्याला २०० ग्रॅम चालतात, पातळ सुती पँटच्या खिशाच्या कडेला ते लोंबतात. १९९० मध्ये त्याच कंपनीचे डेलिका आणि एंड्युरा आले, जपानमधल्या सेकी शहरात बनलेले, नायलॉनच्या मुठीचे, आणि दोन्ही कल्पना एका चाकूत एकत्र झाल्या.

आजच्या चर्चेला वळण दिले ते २०१७ मध्ये आलेल्या, बेंचमेड या अमेरिकी कंपनीच्या बगआउट नावाच्या चाकूने. पाठीवर ओझे वाहून लांब चालणाऱ्यांसाठी तो आखलेला होता. पाते ८२ मिलिमीटर, वजन ५२ ग्रॅम. नायलॉनच्या जातीचीच मूठ, आणि पोलादी पट्ट्या मुठीच्या पूर्ण लांबीभर न घालता फक्त लॉकच्या जागेपुरत्या खोबणीत बसवलेल्या. लॉक १९९८ पासून त्या कंपनीचे गाजलेले: मुठीत आडवी सरकणारी एक पोलादी कांडी, जी पात्याच्या बुडात अडकते आणि दोन्हीपैकी कुठल्याही हाताने मागे ओढता येते. त्याचे पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनीही तशी लॉक बसवली, आणि हलक्या चाकूंची रांग लागली.

आणि लगेच ‘मूठ लवते’ ही तक्रार सुरू झाली. मुठीचा मधला भाग अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला तर दोन्ही बाजू केसभर आत येतात. शंभर ग्रॅमच्या चाकूची सवय असलेल्या हाताला हे खेळण्यासारखे वाटते. मग लोकांनी अॅल्युमिनियमच्या, टायटॅनियमच्या, मायकार्टाच्या (राळेत दाबून टणक केलेल्या कापडाच्या) वेगळ्या मुठी विकत घेऊन बसवल्या. कंपनीनेही पुढे अॅल्युमिनियमच्या मुठीची आवृत्ती काढली. वाचवलेले ग्रॅम पुन्हा मुठीत भरले गेले.

मला ही तक्रार समजते, पण पटत नाही. लवते ती मूठ. लॉक आणि पात्याचा खिळा यांना धरणाऱ्या पोलादी पट्ट्या आपल्या जागी असतात. अशा चाकूने कुणी ओंडका फोडायला जात नाही. त्याचे पाते दोन-सव्वादोन मिलिमीटर जाड असते आणि खरा आनंद तिथेच आहे. मागच्या पावसाळ्यात लोहगडाच्या वाटेवर मावशींकडून काकडी घेतली आणि अशाच एका हलक्या चाकूने चिरली. जाड पात्याने काकडी चिरताना ती शेवटी ‘कट्’ करून फुटते, कारण पाते पाचरीसारखे आत घुसते. या पात्याने चकती कागदासारखी सुटली आणि पात्यालाच चिकटून राहिली. मावशींनी चाकू हातात मागितला, उलटसुलट केला, आणि विचारले, “एवढासा? धार किती दिवस राहते?”

ग्रॅमच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडतो. बगआउटसोबत आलेले एस३०व्ही हे पोलाद भुकटीपासून बनते. न्यूयॉर्क राज्यातल्या क्रूसिबल कंपनीने ते २००१ मध्ये खास चाकूंसाठी आणले. त्यातले व्हॅनेडियमचे कठीण कण धार बराच काळ टिकवतात, पण तेच कण साध्या दगडाला दाद देत नाहीत, हिऱ्याच्या पट्टीवर ती सोपी लागते. ओपिनेलचे साधे कार्बन पोलाद लवकर बोथट होते, लिंबू लागले की काळे पडते, आणि घरच्या पाट्यावर चार हात फिरवले की पुन्हा केस कापते. मी मावशींना सांगितले की महिनाभर राहते. त्यांनी काकड्यांच्या टोपलीतली आपली सुरी दाखवली, करवतीच्या पात्यापासून केलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, आणि म्हणाल्या, ही रोज सकाळी दगडावर घासते.