अडकलेली 'पेठ': सी प्रोग्राममधल्या कीबोर्ड बफरची पार्श्वभूमी

सोलापुरी चादरींच्या ऑर्डरी नोंदवणारा एक लहानसा सी प्रोग्राम घेऊ. तो आधी गिऱ्हाइकाचा पत्ता विचारतो, मग नग, मग दर. पत्त्यासाठी स्कॅनएफला (कीबोर्डवरून वाचणारं फंक्शन) पर्सेंट एस (शब्द वाच) दिलेलं आहे, बाकी दोन्हींसाठी पर्सेंट डी (पूर्णांक वाच). रोमन अक्षरांत 'साखर पेठ' टाइप करून एंटर मारला, की प्रोग्राम नगांसाठी थांबत नाही, दरासाठीही थांबत नाही. भलतीच रक्कम छापून मोकळा होतो. नवी पेठ लिहा, मुरारजी पेठ लिहा, जोडभावी पेठ लिहा, तेच.

पर्सेंट एस मोकळी जागा दिसली की थांबतं. त्याने 'साखर' उचललं. स्पेस, 'पेठ' आणि एंटरचं न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) मागे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहिलं. नगांच्या वेळी पर्सेंट डीने स्पेस ओलांडली, तर समोर आकड्याऐवजी 'पेठ'चं पहिलं अक्षर. ते जागेवरच ठेवून स्कॅनएफने ० परत केला. व्हेरिएबलला हातच लागला नाही, म्हणून त्यात आधीचा कचरा तसाच. दराच्या वेळी पुन्हा तेच अक्षर आडवं. हे सगळं व्हाइल लूपमध्ये असेल तर स्क्रीन पळतच राहते आणि कंट्रोल-सी दाबावं लागतं.

यावर प्रॅक्टिकलच्या जर्नलांतून चालत आलेला तोडगा म्हणजे एफफ्लश या बफर रिकामा करणाऱ्या फंक्शनला एसटीडीइन, म्हणजे कीबोर्डकडून येणारं इनपुट, देणं. तो एका मशीनवर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. असं का, ते कळायला टेलिटाइपपर्यंत मागे जावं लागतं.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वाढली ती टेलिटाइपवर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर. त्यातलं एएसआर-३३ हे मॉडेल सेकंदाला १० अक्षरं छापायचं आणि कागदावर उमटलेलं पुसता येत नसे. म्हणून चुका दुरुस्त करायचं काम कर्नेलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) स्वतःकडे घेतलं: हॅश दाबला की मागचं अक्षर रद्द, ॲट दाबला की अख्खी ओळ रद्द. एंटर येईपर्यंत प्रोग्रामच्या हाती काहीच लागत नसे. आज त्या जागी बॅकस्पेस आहे, पण लिनक्सच्या टर्मिनलवर नियम तोच. एंटरची कळ टर्मिनलवरून १३ हा कोड पाठवते, ड्रायव्हर त्याचा १० करतो, आणि तोच आपला न्यूलाइन.

हा झाला कर्नेलचा साठा. दुसरा साठा सी लायब्ररीचा, आणि सगळा घोळ होतो तो इथेच. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी आकाराला आणली, तेव्हा खुद्द भाषेत इनपुट-आउटपुटची सोय ठेवलेली नव्हती. माइक लेस्क यांनी लिहिलेलं पोर्टेबल इनपुट-आउटपुट पॅकेज पुढे नव्याने घडवलं गेलं आणि त्यातून एसटीडीआयओ ही इनपुट-आउटपुटची लायब्ररी उभी राहिली. प्रत्येक अक्षरासाठी कर्नेलला हाक मारणं महागात पडतं, म्हणून ही लायब्ररी टर्मिनलवरून अख्खी ओळ आणून आपल्या बफरमध्ये ठेवते आणि गेटचार (एकेक अक्षर वाचणारं फंक्शन), स्कॅनएफ यांना तिथून अक्षरं पुरवते. 'पेठ' अडकते ती या बफरमध्ये, कीबोर्डमध्ये नव्हे. लिनक्सवर टीसीफ्लश हे फंक्शन वापरून उपयोग होत नाही तो यामुळेच: ते कर्नेलचा साठा रिकामा करतं, लायब्ररीच्या बफरला शिवतही नाही.

डॉसवर याखाली आणखी एक साठा होता. आयबीएम पीसीच्या बायोसने (मशीनमधल्या मूळ सॉफ्टवेअरने) कीबोर्डसाठी ३२ बाइट राखले होते. एका कळीला दोन बाइट, म्हणजे १६ जागा. पण भरलेला आणि रिकामा बफर वेगळा ओळखता यावा म्हणून मावायच्या १५च कळा. सोळावी दाबली की बीप. बोर्लंड कंपनीचं टर्बो सी हे कंपायलर १९८७ साली आलं. त्यातलं 'गेटच' हे फंक्शन एंटरची वाट न पाहता डॉसमार्फत कळ उचलायचं, एसटीडीइनच्या बफरला वळसा घालून. आणि त्याचं एफफ्लश इनपुटचा बफरही रिकामा करायचं. सवय लागली ती इथून. सोलापूरची महाविद्यालयं २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, मग सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ झालं. जर्नलांतली सीएलआरएससीआर (स्क्रीन पुसणारं), गेटच आणि एफफ्लश ही त्रयी मात्र टिकून राहिली.

सी भाषेच्या १९८९ च्या अन्सी मानकाने एफफ्लशला अर्थ दिला तो आउटपुटपुरताच. इनपुटवर वापरलं तर काय होईल याची हमी नाही. मायक्रोसॉफ्टची जुनी लायब्ररी बफर पुसत असे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ती काहीच करत नाही. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये टर्मिनलवरचा बफर मुळीच पुसला जात नाही. मिंजीडब्ल्यू या विंडोजवरच्या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्या विंडोजच्या जुन्या लायब्ररीवर चालत असल्यामुळे तिथे तोडगा अजून लागू पडतो, आणि गैरसमज पक्का होतो.

पत्त्यातल्या स्पेससाठी सुचवलं जाणारं 'गेट्स' हे ओळ वाचणारं फंक्शन तर धोक्याचंच. ॲरेचं माप न बघता ते भरत जातं. नोव्हेंबर १९८८ मधला मॉरिस वर्म हा नेटवर्कवरून पसरणारा घातक प्रोग्राम फिंगर (वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या) सर्व्हरच्या ५१२ बाइटच्या बफरवर याच मार्गाने घुसला होता. २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकलं गेलं.

खात्रीचा मार्ग एकच: प्रत्येक उत्तर अख्ख्या ओळीने एफगेट्समध्ये (ॲरेचं माप पाळून ओळ वाचणारं फंक्शन) घ्यायचं, शेवटचं न्यूलाइन कापायचं, आणि आकडा हवा असेल तर त्या ओळीतून आकडा काढणारं एसस्कॅनएफ किंवा एसटीआरटीओएल वापरायचं. एसस्कॅनएफने १ परत केला नाही तर पुन्हा विचारायचं. चुकीची ओळ आधीच बाहेर आलेली असते, पुढच्या प्रश्नाला ती आडवी येत नाही. ओळीत न्यूलाइन सापडलं नाही, तर ती ॲरेत मावलेली नाही. तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) मिळेपर्यंत गेटचार फिरवायचं. उगाच फिरवलं तर रिकाम्या बफरवर ते आणखी एका एंटरची वाट बघत बसतं. गेटचारचं उत्तर इंट (पूर्णांक) प्रकारात घ्यायचं. कॅर (अक्षराचा प्रकार) अनसाइन्ड, म्हणजे ऋण आकडा न मावणारा, असलेल्या एआरएम लिनक्सवर कॅरमध्ये घेतलेला ईओएफ कधीच जुळत नाही.

जुन्या प्रोग्राममध्ये स्कॅनएफ ठेवावंच लागलं, तर पर्सेंट सीच्या (एक अक्षर वाच) आधी एक स्पेस द्या, अडकलेला एंटर ती गिळते. पर्सेंट डीच्या नंतर मात्र स्पेस देऊ नका. पुढचं काहीतरी टाइप होईपर्यंत प्रोग्राम हलणार नाही. आणि विंडोजवर बनवलेली ऑर्डरींची फाइल लिनक्सवर कीबोर्डऐवजी इनपुट म्हणून देत (रिडायरेक्ट करत) असाल, तर ओळीच्या टोकाला १० च्या आधी १३ ही येतो. न्यूलाइन कापताना तोही कापा, नाहीतर 'साखर पेठ' शोधताना स्ट्रिंग जुळणार नाही.