ऱ्योकान की मिन्शुकू? जपानमधल्या पारंपरिक मुक्कामाचे पैसे नेमके कशाचे

जपानच्या सहलीसाठी ‘पारंपरिक मुक्काम’ शोधायला बसलं की सगळे फोटो एकाच घरातले वाटायला लागतात. तातामीच्या चटया, कागदी सरकती दारं, जमिनीवर अंथरलेली गादी, बुटकं टेबल आणि त्यावर चहाचं सामान. एका फोटोखाली माणशी ८,००० येन लिहिलेलं असतं, दुसऱ्याखाली ३५,०००. स्वस्तातलं बहुधा मिन्शुकू म्हणजे घरगुती मुक्काम असतं आणि महागातलं ऱ्योकान म्हणजे पारंपरिक सराय. दोन्हीकडे रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली, दोन्हीकडे गरम पाण्यात डुंबायची सोय, दोन्हीकडे चपला दारातच काढायच्या. मग चौपट पैसे कशाचे?

बहुतेकांना वाटतं की पाण्याचे. ऱ्योकान म्हणजे ओनसेन, म्हणजे जमिनीतून येणारं औषधी गरम पाणी, आणि मिन्शुकू म्हणजे साधी खोली, असा समज आपल्याकडच्या टूरवाल्यांनीही पक्का करून ठेवलाय. तो चुकीचा आहे. जास्तीचे पैसे जातात ते माणसांच्या कष्टांचे: तुमच्यासाठी कोणी किती वेळा उठतं, वाढतं, अंथरतं, आवरतं, त्याचे. पाण्याचा हिशोब वेगळाच आहे आणि त्यात कधीकधी मिन्शुकूच वरचढ ठरतं.

दोघांची कुळंही वेगळी. एदो काळातल्या हमरस्त्यांवर ठरावीक अंतरावर मुक्कामाची गावं होती. एदो म्हणजे आजच्या तोक्योहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो रस्त्यावर अशी ५३. सरदार-दरकदार तिथे ‘होन्जिन’मध्ये उतरत, बाकीचे प्रवासी ‘हातागो’ नावाच्या, जेवण देणाऱ्या खाणावळवजा सरायांमध्ये. या सराया आणि गरम झऱ्यांपाशी आजारी माणसं आठवडाच्या आठवडे राहत ती घरं, यांच्यातून आजचं ऱ्योकान घडलं. काही तर त्याहून कितीतरी जुनी आहेत. यामानाशी प्रांतातलं निशियामा ओनसेन केइउन्कान इ.स. ७०५ मध्ये सुरू झाल्याचं मानलं जातं आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. इशिकावातलं अवाझूचं होशी हे ऱ्योकान आपली सुरुवात ७१८ सालची सांगतं.

मिन्शुकू त्यापुढे अगदी अलीकडचं. शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी हंगामात आपल्या राहत्या घरात पाहुणे घ्यायला सुरुवात केली, त्यातून ते आलं. नागानो प्रांतातल्या हाकुबाचा होसोनो हा भाग स्वतःला मिन्शुकूचं जन्मस्थान म्हणवतो. तिथे १९३० च्या दशकात गिर्यारोहक आणि स्कीइंगवाले शेतकऱ्यांच्या घरी उतरत. पुढे १९६०-७० च्या दशकांत मध्यमवर्गाच्या हातात सुट्टी आणि पैसा आला, तशी समुद्रकिनाऱ्यांवर आणि डोंगरांत मिन्शुकूंची रांग लागली. दापोली-गुहागरकडे ‘राहण्या-जेवणाची घरगुती सोय’ अशी पाटी असलेल्या घरात तुम्ही कधी उतरला असाल, तर मिन्शुकूचा स्वभाव तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

पाटीवरच्या नावावर मात्र विसंबू नका. १९४८ च्या सराय-कायद्यात हॉटेल आणि ऱ्योकान असे दोन वेगळे वर्ग होते, ऱ्योकानला किमान पाच खोल्यांची अट होती. जून २०१८ पासून दोन्ही वर्ग एकत्र झाले आणि ती अट गेली. झऱ्यांच्या गावात ‘अमुक हॉटेल’ असं नाव असलेली दहामजली इमारत आतून अस्सल ऱ्योकान निघते, आणि एखाद्या रेल्वे स्टेशनमागचं ‘ऱ्योकान’ म्हणजे फिरत्या विक्रेत्यांसाठीच्या चार खोल्या, जेवणाशिवाय. बरीच मिन्शुकू याच कायद्यातल्या ‘साधी निवासव्यवस्था’ या परवान्यावर चालतात. आणखी एक सारख्या नावाचं प्रकरण आहे, मिन्पाकू. ते म्हणजे ॲपवरून भाड्याने दिलेलं घर किंवा फ्लॅट. २०१८ पासून लागू झालेल्या वेगळ्या कायद्याने त्याला वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवसांची मर्यादा आहे. तिथे जेवणाची अपेक्षा ठेवू नका.

संध्याकाळ कशी जाते

ऱ्योकानमध्ये दुपारी तीनच्या सुमारास पोहोचावं. चार वाजलेत आणि तुम्ही अजून बाजारात फिरताय, तर पैसे वाया चाललेत असं खुशाल समजा. दारात तुमचे बूट कोणीतरी उचलून ठेवतं. खोलीपर्यंत ‘नाकाइ-सान’ म्हणजे तुमची काळजी वाहणारी बाई सोबत येते, चहा आणि त्या गावची मिठाई पुढे ठेवते, रात्रीचं जेवण सहाला हवं की साडेसहाला ते विचारते. मोठ्या घरांत मालकीण, ‘ओकामी’, स्वतः येऊन गुडघ्यांवर बसून स्वागत करते. मग तुम्ही युकाता, म्हणजे किमोनोसारखा सुती झगा, घालून अंघोळीला जायचं. युकाता घालताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे; उलट नेसवतात ते प्रेताला.

जेवण ‘काइसेकी’ पद्धतीचं, एकामागून एक लहान लहान ताटल्यांतून येणारं: तोंडी लावायला काहीबाही, कच्चे मासे, भाजलेलं, शिजवलेलं, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर रटरटणारं भांडं, आणि शेवटी भात, लोणची, सूप. ते खोलीत वाढतात किंवा वेगळ्या दालनात. दालनात जेवून परत यावं तर टेबल बाजूला सरकवून गाद्या अंथरलेल्या असतात. तुम्ही बाहेर असताना खोलीत कोणीतरी येऊन गेलं, याची सवय नसेल तर पहिल्यांदा दचकायला होतं.

मिन्शुकूत यातलं बहुतेक तुम्ही करायचं. गादी भिंतीतल्या ‘ओशिइरे’ कपाटात असते, काढा आणि अंथरा, सकाळी घडी घाला. टॉवेल आणि दात घासायचा ब्रश मिळेलच असं नाही, बुकिंगच्या वेळी विचारावं. संडास सामाईक. दोन खोल्यांमध्ये बऱ्याचदा फक्त सरकतं दार, म्हणजे शेजारचं घोरणं भाड्यातच आलं. जेवण घरातल्या मोठ्या खोलीत, सगळ्या पाहुण्यांना एकाच वेळी, सगळं ताट एकदम मांडून. पण मासा मालकाच्या किंवा त्याच्या भावाच्या होडीवरचा असू शकतो आणि वांगी परसातली. शिराकावा-गोमध्ये, जिथली उतरत्या गवती छपरांची गाश्शो घरं १९९५ पासून जागतिक वारसा आहेत, अशाच घरांत मिन्शुकू चालतात आणि ‘इरोरी’ म्हणजे जमिनीतल्या चौकोनी चुलीभोवती बसून जेवायला मिळतं.

गप्पा मिन्शुकूत होतात, हे माझं स्पष्ट मत. ऱ्योकानमधली सेवा इतकी अदबीची असते की पाहुणाच अवघडून बसतो. मिन्शुकूची मालकीण भाषांतराच्या ॲपवर तुम्हाला मुलं किती, पगार किती, इथपर्यंत विचारून मोकळी होते.

आता पाणी

ओनसेन कशाला म्हणायचं हे जपानमध्ये कायद्यानेच ठरवलंय, तेही १९४८ सालच्या. जमिनीतून निघताना पाणी किमान २५ अंश सेल्सियस हवं, किंवा यादीतल्या १९ घटकांपैकी एक तरी ठरावीक प्रमाणात त्यात हवा. म्हणजे थंड पाणीसुद्धा ओनसेन असू शकतं, आणि ते तापवून अंघोळीच्या टाकीत सोडलं तरी नाव कायम राहतं. ऱ्योकानच्या परवान्यासाठी मात्र ओनसेन असण्याची अट कुठेच नाही. क्योतो शहरातल्या कित्येक जुन्या, नावाजलेल्या ऱ्योकानांत हिनोकी लाकडाच्या सुगंधी टबात साधं नळाचं पाणी तापवलेलं असतं. अंघोळ सुंदरच होते, पण झऱ्याच्या आशेने गेलात तर फसाल.

याउलट नागानोतल्या नोझावा ओनसेन गावात स्वस्तातल्या मिन्शुकूत उतरा. गावात १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत, ‘सोतोयु’. ती गावकरीच आपापसांत पाळ्या लावून सांभाळतात. कोणीही जाऊन अंघोळ करावी, पेटीत थोडे पैसे टाकावेत. पाणी थेट झऱ्याचं आणि बऱ्याच ठिकाणी इतकं कढत की पाय टाकायलाही धीर लागतो. ह्योगो प्रांतातल्या किनोसाकीत सात सोतोयु आहेत आणि गावात कुठेही मुक्काम केलात तरी सातही ठिकाणांचा पास मिळतो, ५०,००० येन भरा नाहीतर १०,०००. म्हणून तिथे संध्याकाळी सगळे पाहुणे युकाता आणि ‘गेता’ म्हणजे लाकडी चपला घालून रस्त्यावर खडखडत हिंडत असतात. ही पद्धत आपोआप टिकलेली नाही. सरायांनी आपल्याच इमारतीत झऱ्याचं पाणी घ्यावं की नाही, यावरून या गावात १९२० च्या दशकापासून बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली होती.

पाण्याचा खरेपणा ओळखायचा तर किंमत बघू नका, कपडे बदलायच्या खोलीतल्या भिंतीवरचा फलक बघा. २००४ मध्ये नागानोतल्याच शिराहोने ओनसेन या प्रसिद्ध ठिकाणी बोभाटा झाला. तिथलं दुधाळ पाणी ही त्या गावाची ओळख. काही ठिकाणी तो रंग पूड टाकून आणला जात होता, हे उघडकीस आलं. देशभर गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षीपासून नियम आला: पाण्यात साधं पाणी मिसळत असाल, ते तापवत असाल, गाळून पुन्हा फिरवत असाल, त्यात काही टाकत असाल, तर तसं लिहून लावायचं. ‘गेन्सेन काकेनागाशी’ म्हणजे झऱ्याचं ताजं पाणी सतत आत येतं आणि काठावरून वाहून जातं, पुन्हा वापरलं जात नाही. पोहण्याच्या तलावाएवढ्या टाक्या असलेल्या मोठ्या ऱ्योकानला एवढं ताजं पाणी सतत पुरवणं अनेकदा शक्यच नसतं, म्हणून ते गाळून फिरवावं लागतं. चार माणसं बसतील एवढी मिन्शुकूची टाकी त्याच झऱ्याच्या बारीक धारेवरही भरून वाहते. ओनसेनचे दर्दी जपानी लोक कळकट दिसणाऱ्या घरांना फोन लावत बसतात ते यासाठीच.

अंघोळीचे नियम दोन्हीकडे एकच: कपड्यांशिवाय आत जायचं, पोहण्याचा पोशाख चालत नाही, आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मगच टाकीत उतरायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. ऱ्योकानच्या मोठ्या स्नानगृहात स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे असतात. पण रात्री आणि सकाळी दोन बाजूंची अदलाबदल करायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, तेव्हा काल उजवीकडे गेलो म्हणून आज डोळे चोळत उजवीकडे घुसू नका, दारावरचा पडदा वाचा. गोंदण असेल तर आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी मनाई असते, किनोसाकीच्या सातही सोतोयुंमध्ये चालतं.

अनोळखी माणसांसमोर उघडं व्हायचं या कल्पनेनेच आपल्याकडची अर्धी मंडळी ओनसेनचा विचार सोडून देतात. यावर ऱ्योकानचा उपाय म्हणजे ‘काशिकिरी’, तासाभरापुरती आपल्या कुटुंबासाठी राखलेली टाकी, नाहीतर खोलीलाच जोडलेली उघड्यावरची टाकी, पण तिच्यामुळे भाडं बरंच वाढतं. लहान मिन्शुकूत पुष्कळदा एक-दोनच न्हाणीघरं असतात आणि पाहुणे पाळीपाळीने, आतून कडी लावून जातात. लाजाळू माणसाची सोय फुकटात. फक्त बाहेर येताना टाकीतलं पाणी सोडून देऊ नका. तेच पाणी पुढच्याला वापरायचं असतं. झाकण असेल तर ते लावून या.

भाडं दोन्हीकडे माणशी असतं, खोलीमागे नाही. चारजण एका खोलीत राहिलात तरी प्रत्येकाचे पैसे द्यावे लागतात, फार तर माणशी थोडं कमी पडतं, आणि एकट्याला कित्येक ऱ्योकान घेतच नाहीत. ओनसेन असेल तिथे वर अंघोळीचा कर, साधारणपणे माणशी १५० येन. मिन्शुकूसाठी रोख पैसे जवळ ठेवा.

शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं. सूप, शिजवलेली भाजी, अंड्याचा पदार्थ, सगळ्याच्या मुळाशी ‘दाशी’ नावाचं चवीचं पाणी असतं आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचं. ‘मासे नकोत’ एवढं सांगितल्याने दाशी जात नाही. ऱ्योकानमध्ये बल्लवाचार्य असतात, बुकिंगच्या वेळीच स्पष्ट कळवलं तर काही ठिकाणी वेगळं जेवण करतात, काही ठिकाणी नम्रपणे नकार देतात. दारात उभं राहून सांगितलं तर कोणीच काही करू शकत नाही. मिन्शुकूत तर मासा हेच जेवण. तिथे ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवायचं भाडं, घ्यावं आणि स्वतःची सोय करावी. पूर्ण शाकाहारी पारंपरिक मुक्काम हवा असेल तर दोन्ही सोडून वाकायामातल्या कोयासानला जावं. तिथली पन्नासेक मंदिरं ‘शुकुबो’ चालवतात. जेवण ‘शोजिन’ पद्धतीचं, दाशी कोम्बू शेवाळाचं आणि सुक्या शिताके अळंब्यांचं. झऱ्याचं पाणी तिथे बहुतेक मंदिरांत नसतं.

सोबत गुडघेदुखीवाले आईवडील असतील तर ऱ्योकानच घ्या, आणि त्यातही पलंग असलेली ‘जपानी-पाश्चात्त्य’ खोली मागा. जुन्या मिन्शुकूंचे जिने शिडीसारखे उभे असतात आणि सामान आपलं आपणच चढवायचं असतं.