रातराणीच्या वासाने साप येतो?

अंगणात रातराणी लावू नका, वासाने साप येतो, हा सल्ला अजूनही घरोघरी मिळतो. त्यापायी कितीतरी चांगली झाडं मुळासकट उपटली जातात, याचं वाईट वाटतं.

साप दुभंगलेल्या जिभेने हवेतले गंधकण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेतो. त्यातून तो भक्ष्याचा, जोडीदाराचा माग काढतो. फुलाच्या सुगंधाशी त्याला देणंघेणं नाही. हिरवट पांढऱ्या नळीसारखी ही फुलं अंधार पडल्यावर उमलतात ती पतंगांसाठी. किड्यांमागे बेडूक, पाली येतात, आणि त्यांच्यामागे क्वचित साप.

खरी अडचण झाडाच्या बुंध्याशी असते. रातराणीच्या फांद्या जमिनीवर लोळतात. पावसाळ्यात खाली गच्च, ओलसर आडोसा तयार होतो. म्हणून बहर ओसरला की जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच्या फांद्या छाटा. पालापाचोळा, विटा, फुटक्या कुंड्या तिथे साठवू नका. पक्ष्यांना टाकलेलं धान्य संध्याकाळी झाडून घ्या, कारण धान्याला उंदीर येतात आणि उंदरांना धामण, नाग, घोणस. फिनाईल शिंपडून मात्र काही साधत नाही.

साप दिसलाच तर लांब राहून नजर ठेवा, सर्पमित्राला बोलवा. रातराणी राहू द्या.