शल्यप्रशिक्षकांचे प्रशिक्षण

शस्त्रक्रिया करणे ही एक विद्या आहे आणि ती दुसऱ्याच्या हातात उतरवणे ही वेगळीच विद्या आहे. ही दुसरी विद्या शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिका यांना रीतसर शिकवणे, याला शल्यप्रशिक्षकांचे प्रशिक्षण म्हणतात. डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात ते ‘ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स’ किंवा नुसते ‘टीओटी’ असते. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रियेची सोय वाढवण्याचा टिकाऊ मार्ग म्हणून गेल्या तीनेक दशकांत त्याकडे पाहिले जाऊ लागले. नाशिकजवळच्या देवळालीत तोफखान्याच्या शाळेत तोफा डागायला शिकवणारे प्रशिक्षक स्वतंत्रपणे घडवले जातात. अचूक नेम धरणारा अचूक शिकवेलच असे नाही, हे लष्कराने पूर्वीच ओळखले होते. वैद्यकाला ते उशिरा पटले.

गरज किती मोठी आहे, हे २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शल्यचिकित्सा आयोगाने मांडले. जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल वेळेवर मिळत नाही. वर्षाला होणाऱ्या सुमारे ३१.३ कोटी शस्त्रक्रियांपैकी जेमतेम ६ टक्के सर्वांत गरीब देशांतल्या एक-तृतीयांश लोकसंख्येच्या वाट्याला येतात. दर लाख लोकसंख्येमागे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून किमान २० असावेत आणि सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया व उघड्या अस्थिभंगावरचे उपचार या तीन गोष्टी दोन तासांच्या अंतरात मिळाव्यात, असे आयोगाने सुचवले. नाशिक शहरात राहणाऱ्याला दोन तास म्हणजे काहीच नाही. पेठ किंवा सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतल्या पाड्यावरून निघालेल्या बाळंतिणीला आधी डांबरी रस्ता गाठावा लागतो, मग सावळघाट आणि मग नाशिक. पावसाळ्यात हा हिशेब आणखी बिघडतो.

ही उणीव भरून काढण्याचा जुना मार्ग शिबिरांचा होता. परदेशातून किंवा मुंबईहून पथक यायचे, आठवडाभर शस्त्रक्रिया करायचे आणि निघून जायचे. रुग्णांना त्याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पथक गेल्यावर तिथल्या डॉक्टरच्या हातात आधीपेक्षा काय जास्त उरले, हा प्रश्न फारसा विचारला जात नसे.

कौशल्य एका घरात अडकले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि तेही नाकाचे. (लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते इथेच, म्हणून हे नाशिक, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते.) टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी बैलहाक्याला पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. त्याचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे ही पद्धत युरोपभर शिकवली गेली. कावसजीचे नाव राहिले. नाक घडवणारा मात्र केवळ जातीने नोंदला गेला.

वास्तविक, सरावाने शिकवण्याची परंपरा आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा, योग्यासूत्रीय अध्याय याच विषयावर आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा, भेदनाचा पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर, खरवडण्याचा केसाळ कातड्यावर, टाके घालण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधायला पुतळा घ्यावा. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव करणारे द्राक्षाची साल सोलतात, आणि त्या फळाला नाशकात तोटा नाही.

आधुनिक शल्यशिक्षणात मात्र बराच काळ ‘एक बघ, एक कर, एकाला शिकव’ हेच सूत्र चालले. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी रुजवलेल्या रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याच्या पद्धतीशी ते जोडले जाते. त्यात गृहीत असे होते की शिकवणे आपोआप येते. प्रशिक्षकांचे वर्ग सुरू होतात ते या गृहीतकाला नकार देऊन. त्यांतली सर्वांत रुळलेली रीत रॉडनी पेटन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी चार पायऱ्यांची आहे. ती समजायला साधी गाठ घ्यावी. फळीला एक आकडा ठोकलेला असतो आणि बुटाच्या दोन रंगांच्या नाड्या एकत्र जोडून त्याला अडकवलेल्या असतात. प्रशिक्षक आधी एक शब्दही न बोलता नेहमीच्या वेगाने गाठ मारतो. दुसऱ्या वेळी तीच गाठ सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. तिसऱ्या वेळी सांगायचे शिकणाऱ्याने आणि हात चालवायचे प्रशिक्षकाने. चौथ्या वेळी सांगणे आणि करणे दोन्ही शिकणाऱ्याकडे.

अनुभवी सर्जनला जड जाते ती तिसरी पायरी. त्याचा हात सवयीने पुढे धावतो आणि समोरचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, अजून पहिल्या वेढ्यावरच असतो. दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेने घ्यायचा असतो. हात पालटले नाहीत की निरगाठ बसत नाही, सरकणारी गाठ होते. नाड्या दोन रंगांच्या असल्याने ही चूक लगेच दिसते, पण नेमके काय चुकले ते बोलून सांगणे अवघड असते, कारण गाठ मारताना कित्येक वर्षांत त्याने स्वतः तसा विचारच केलेला नसतो. हे शब्द शोधायला लावणे हा अशा वर्गाचा निम्मा कार्यक्रम असतो. उरलेला निम्मा चूक कशी दाखवायची याचा. ‘अहो, असं नाही!’ म्हणत हातातला चिमटा काढून घेणारे सर प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात भेटतात. वर्गात त्यांना आधी विचारायला शिकवतात: तुम्हाला स्वतःला काय बरोबर वाटले, पुन्हा केले तर काय बदलाल?

अशा प्रशिक्षकांकरवी कौशल्य पसरवण्याचा साचा प्रामुख्याने अपघातोपचाराच्या अभ्यासक्रमांतून आला. १९७६ मध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे विमान नेब्रास्कात कोसळले. कुटुंबाला मिळालेले उपचार पाहून ते संतापले आणि त्यातून १९७८ मध्ये ‘एटीएलएस’ (अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) या अपघातोपचाराच्या अभ्यासक्रमाचा पहिला वर्ग झाला. तो खर्चिक आहे. तुटपुंज्या साधनांसाठी बेतलेल्या ‘प्रायमरी ट्रॉमा केअर’ची रचना जास्त सुटसुटीत आहे: दोन दिवस मूळ अभ्यासक्रम, एक दिवस निवडक सहभागींना शिकवण्याचे शिक्षण, आणि पुढचे दोन दिवस हेच नवे प्रशिक्षक दुसऱ्या तुकडीला शिकवतात. बाहेरून आलेले प्रशिक्षक तेव्हा मागे बसून पाहतात. नाशिकला हा विषय दूरचा वाटू नये. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. अशा वेळी श्वासमार्ग मोकळा करू शकणारे हात एकाच रुग्णालयात असून भागत नाही. आफ्रिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेच्या शल्यचिकित्सक महाविद्यालयाने स्वतःची इमारत न बांधता अनेक देशांतल्या रुग्णालयांनाच शिकवण्याच्या जागा मानले, तर मोझांबिकने १९८० च्या दशकापासून डॉक्टर नसलेले शल्यतंत्रज्ञही तयार केले.

महाराष्ट्रातील आरोग्यशिक्षणाची सूत्रे नाशिकमधूनच हलतात. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे आणि राज्यभरची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात कौशल्य प्रयोगशाळा आली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले. खरी कसोटी इथे लागते. रेसिडेंट जिल्ह्यात येतो, पण तिथला सर्जन बाह्यरुग्ण विभाग, पोलीस केस आणि रात्रीची सिझर यांतून मोकळा झाला तरच शिकवणार. शिकवण्याचे तास ड्यूटीच्या तक्त्यावर मांडले नाहीत तर प्रमाणपत्र फायलीत राहते. बदली हा दुसरा शत्रू: तालीम घेतलेला माणूस अशा ठिकाणी जातो, जिथे भूलतज्ज्ञच नाही.

साखळी लांबली की मजकूर पातळ होतो, हाही दोष वारंवार दिसतो. तिसऱ्या हाताला पोहोचेपर्यंत स्लाइड शिल्लक राहतात, नाड्या आणि आकडा गळून जातो. म्हणून चांगले कार्यक्रम नव्या प्रशिक्षकाला काही महिन्यांनी त्याच्याच थिएटरमध्ये जाऊन पाहतात. तिथे तो स्वतः किती सफाईने टाके घालतो हे पाहत नाहीत. त्याने शिकवलेली सिस्टर किंवा रेसिडेंट पुढच्या माणसाला मुदत संपलेल्या धाग्यावर गाठ कशी शिकवते, ते पाहतात.