घोड्याच्या चालीतला उपचार : पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याला घोडा परका नाही आणि रोग्यांची शुश्रूषाही परकी नाही. स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येणारे शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यांवर बसणारे बारगीर यांच्या जोरावर मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले. तर पाचगणीची हवा क्षयरोग्यांना मानवते म्हणून डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये तेथे बेल-एअर आरोग्यधाम काढले. आज पाचगणीच्या टेबललँड या पठारावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत आणि जिल्ह्यात फिजिओथेरपीचे शिक्षणही मिळते. अपंग व्यक्तींसाठी घोडेस्वारीचा उपचार म्हणून विचार मात्र युरोपात रुजला, आणि तो पोलिओच्या काळात.

लिस हार्टेल या डॅनिश स्वार बाईंना 1944 मध्ये, त्या गरोदर असताना, पोलिओ झाला. गुडघ्यांखालची शक्ती कायमची गेली, तरी त्या पुन्हा खोगिरावर बसल्या. मात्र चढताना आणि उतरताना त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. ऑलिंपिकमधील ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून आखीव चाली करून घेण्याची स्पर्धा, तोवर लष्करी अधिकाऱ्यांपुरती होती. 1952 साली हेलसिंकीत ती स्त्रियांसाठी खुली झाली आणि हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले. 1956 मध्येही त्यांना रौप्यच मिळाले. ड्रेसाजमध्ये स्वाराच्या पायांचा इशारा फार महत्त्वाचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदकांचे मोल कळते. हार्टेल यांनी तो इशारा शरीराचा तोल आणि पाठीचा कल यांतून दिला.

त्यानंतरच्या वर्षांत युरोपात अपंग मुलांना घोड्यावर बसवण्याचे प्रयोग वाढले. 1969 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत या कामासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या, तर 1996 च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये घोडेस्वारीचा समावेश झाला. जर्मन भाषक देशांतील फिजिओथेरपिस्टांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या पद्धतीत रुग्ण लगाम हाती घेत नाही. घोड्याची चाल हेच उपचाराचे साधन असते आणि ती किती वेगाने, कोणत्या वळणाने द्यायची हे फिजिओथेरपिस्ट ठरवतो. याला हिप्पोथेरपी म्हणतात. स्वारीचे कौशल्य शिकवणाऱ्या वर्गांपासून ती वेगळी आहे, आणि आपल्याकडे या दोहोंची सर्रास गल्लत होते म्हणून हा फरक मुद्दाम नोंदवला पाहिजे.

चालीत असे काय आहे? घोडा कदमचालीने चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, आणि ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी जवळून जुळते. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेले नाही, त्याच्या कमरेला आणि पाठीला चालण्याचा अनुभव असा बसल्या जागी मिळतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे, हा विकार असलेली 15 मुले घेतली होती. काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर, तर काहींना तेवढाच वेळ स्थिर पिंपावर बसवले. घोड्यावरच्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंमधील असमतोल कमी झालेला दिसला; पिंपावर तसा फायदा दिसला नाही. मुले थोडी होती आणि वेळही थोडा होता, त्यामुळे यावरून चमत्काराची आशा कोणत्याही आईबापांना दाखवू नये. कंबरेचा सांधा निखळलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील किंवा डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे मणके अस्थिर असतील, तर घोड्यावर बसणे धोक्याचेच ठरते.

टेबललँडवरच्या फेरीत एक घोडेवाला लगाम धरून चालतो. उपचारात मात्र गरजेप्रमाणे तीन माणसे लागतात : एक घोडा चालवणारा आणि दोन्ही बाजूंनी मुलाला सावरणारे दोघे. घोडाही दचकणारा नसावा आणि फार उंच नसावा. माण-फलटणच्या बाजूला मेंढ्या घेऊन भटकणारे धनगर ज्यांच्या पाठीवर आपले बिऱ्हाड लादतात, ते भीमथडी घोडे अंगाने ठेंगणे असतात. अशा घोड्यावर लहान मूल बसवले, तर बाजूने चालणाऱ्याचा हात त्याच्या कमरेपर्यंत सहज पोहोचतो.