टेम्सवरची दोन ‘लॉक’: एक लोंढ्याचं, एक कोंडवाड्याचं

टेम्स नदीच्या सोळाव्या शतकातल्या नोंदींत ‘लॉक’ हा शब्द आला की आपल्या डोळ्यांपुढे पनामा कालवा उभा राहतो: दोन दरवाजे, मधे हौद, त्यात हळूहळू वर चढणारं जहाज. गफलत होते ती इथेच. त्या काळी टेम्सवर असा एकही हौद नव्हता. नोंदीतलं लॉक म्हणजे बंधाऱ्यात ठेवलेली वाट. तिला आज फ्लॅश लॉक म्हणतात. हौदाचं ते पाउंड लॉक, आणि टेम्सवर ते १६३०च्या दशकात पहिल्यांदा आलं, ऑक्सफर्डच्या परिसरात.

ज्याने कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहिला आहे त्याला फ्लॅश लॉक लगेच कळेल. खांबांमध्ये बरगे घालून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे, तसाच हा प्रकार. फक्त टेम्सवर उभे लाकडी दांडे रोवत आणि त्यांना लांब दांड्याच्या फळ्या टेकवत. पाणी अडवायचं ते बहुतेक वेळा पिठाच्या पाणचक्कीसाठी. नाव आली की फळ्या आणि दांडे एकेक करून उपसायचे. लोंढा सुटायचा, आणि खाली जाणारी नाव त्याच्यावर स्वार होऊन निघून जायची. वर येणाऱ्या नावेला मात्र जोर ओसरेपर्यंत थांबावं लागे, मग रहाटाला दोर गुंडाळून तिला ओढून घेत. पुढच्या उथळ पात्रात रुतलेल्या नावाही याच पाण्याची वाट पाहत असत.

यात चक्कीवाल्याची साठवण वाहून जाई. म्हणून तो पाणी सोडायला नाखूश असे, आणि सोडलं तर त्याचे पैसे घेई. नावाडी आणि चक्कीवाले यांच्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांडणाचं मूळ या वाटेत आहे. ते समजून घेतलं नाही, तर पाउंड लॉक इतकं महत्त्वाचं का ठरलं हेही कळत नाही.

पाउंड लॉकमधला पाउंड पैशांचा नाही. मोकाट गुरांच्या कोंडवाड्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच हा. इथे कोंडायचं ते पाणी. नाव हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, छोट्या झडपेतून पाणी आत घ्यायचं किंवा बाहेर सोडायचं, आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडायचा. दरवाजाची दोन कवाडं मिटताना वरच्या पाण्याकडे टोक करतात, त्यामुळे पाणी जितकं दाबेल तितकी ती घट्ट बसतात. खर्ची पडतं ते एका हौदाचं पाणी; सगळा बंधारा रिकामा होत नाही. ही कल्पना युरोपची नाही. चीनमध्ये चिआओ वेइयुए या अधिकाऱ्याने ९८४ साली ग्रँड कॅनॉलवर असं लॉक बांधलं, कारण उतारावरून ओढताना धान्याच्या नावा फुटत आणि त्या गोंधळात धान्य चोरीला जाई.

ऑक्सफर्डची अडचण वेगळी होती. शहराच्या खालच्या अंगाला बर्कट गावापर्यंतची नदी मोठ्या नावांना चालत नव्हती. माल बर्कटला उतरवून पुढे गाड्यांनी न्यावा लागे. हेडिंग्टनचा दगड लंडनला जावा आणि कोळसा वर यावा, यासाठी १६२४ मध्ये कायदा झाला. मग आयफ्ली, सँडफर्ड आणि अ‍ॅबिंग्डनजवळच्या स्विफ्ट डिचवर पाउंड लॉक बांधली गेली, आणि १६३५ मध्ये पहिली मोठी नाव ऑक्सफर्डला पोचली.

पण नवं आलं म्हणून जुनं गेलं नाही. १७९० मध्ये ऑक्सफर्डमधल्या ऑझ्नीचं पाउंड लॉक झालं. ते बांधणारा डॅनियल हॅरिस ऑक्सफर्डच्या तुरुंगाचा अधिकारी होता, आणि मजूर त्याचेच कैदी. त्याच वर्षी ऑक्सफर्ड कालवा शहरात आला आणि १७९६ मध्ये आयसिस लॉकने तो नदीच्या फाट्याशी जोडला गेला. एवढं होऊनही शहराच्या वरच्या अंगाला, पोर्ट मेडो या कुरणाच्या कडेला मेडली इथे, फळ्या उपसून नावा सोडणं विसाव्या शतकापर्यंत चालूच राहिलं. त्याच्या वरच्या एन्शम आणि किंग्ज या ठिकाणी पाउंड लॉक आली ती १९२८ मध्ये.

आज आयफ्लीला दरवाजे, हौद आणि शेजारचा बंधारा पाहता येतो. तिथली पाणचक्की १९०८ मध्ये जळाली. मेडलीला अडवणारं काहीच नाही. नावा न थांबता जातात.